कापसानं तुरीला काय दिलं?

आमच्या नांदेडात पेटंट हा शब्द सगळ्यांना येतो. पेटंट बहाणा, पेटंट भाजी, अमक्या पाहुण्याचा पेटंट विनोद. म्हणजे तेच ते, ऐकून ऐकून कान किटलेलं. आणि मी उभी नोकरी ज्या पेटंटात मान खुपसून बसले, त्याची पहिली अट काय, तर ती गोष्ट आधी कुणीच केलेली नको. लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी म्हटलं, "इंजिनियरिंग कॉलेजात पेटंट बघते," की समोरची बाई जरा विचार करून म्हणायची, "अच्छा, औषधांचं!" शेवटी शेवटी मी पण हाव म्हणायला लागले. पंगतीत बसून किती जणींना समजावणार?

या अंकाच्या संपादकांनी मात्र समजावूनच सांगा असं बजावलंय, तर सांगते. मी मूळची ग्रंथपाल. कॉलेजच्या ग्रंथालयामागं एक खोली होती, तिथं दोन कॉम्प्युटर आणि 'पेटंट माहिती कक्ष' अशी पाटी. पाटी माझ्याच हट्टानं लागली. कुणी नवं यंत्र घेऊन आलं की ते जगात आधी कुणी केलंय का हे शोधायचं, हे माझं एक काम. अर्ज लिहायला पुण्याचे एक पेटंट एजंट होते, त्यांना मी शोधाची टिपणं पाठवायची.

दुसरं काम माझ्या जास्त जिव्हाळ्याचं. प्रत्येक पेटंटात आधीच्या कोणत्या पेटंटांचा आधार आहे ते लिहिलेलं असतं. आणि प्रत्येक पेटंट कोणत्या खात्यातलं, त्याचा एक कोड असतो. धान्य भरडायच्या यंत्रांचा वेगळा, कापसाचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा. मग हजारो पेटंटं घेऊन बसायचं आणि मोजायचं, की कोणत्या खात्यानं कोणत्या खात्याकडून काय घेतलं. एक मोठा तक्ता होतो. उभ्या बाजूला देणारे, आडव्या बाजूला घेणारे. तक्ता भरला की दिसतं, आज डाळ मिलमध्ये काळा दाणा फुंकून बाहेर काढणारं जे यंत्र आहे, त्याला डोळे कॅमेरावाल्यांनी दिले. कोण कुणाच्या जीवावर मोठं झालं ते कळतं.

लग्नपत्रिकेवरून जसं घराण्याचं नातंगोतं कळतं तसंच हे. पण पत्रिकेत काही नावं प्रेमानं घातलेली असतात आणि काही, नाही घातली तर रुसतील म्हणून. पेटंटातही तसंच आहे. काही आधार अर्जदार स्वतः सांगतो, काही तपासणारा अधिकारी त्याच्या गळ्यात घालतो. आणि ज्या मामानं चार महिने पायपीट करून ते लग्न जमवलेलं असतं, त्याचं नाव कधी कधी पत्रिकेत नसतंच. हे मला फार उशिरा कळलं. ते कसं कळलं, तेच सांगायला बसलेय.

त्याआधी माहूरच्या गृहस्थांचं सांगते, कारण त्यांनी मला एक धडा दिला होता आणि तो मी ऐन वेळी विसरले. गडाखाली त्यांचं प्रसादाचं दुकान. त्यांनी पायानं दाबायचं नारळ फोडायचं यंत्र केलं होतं. मी शोध घेतला तर नारळ फोडायची यंत्रं ढिगानं निघाली. मी कागद पुढं ठेवले. त्यांनी एकेक चित्र चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

"हे नारळ फोडतात म्याडम. माझं देवीचा नारळ फोडतं."

"नारळ तो नारळ. कायद्याला देवी कळत नाही."

"आन् यांचं पाणी सांडतंय की सगळं! माझ्यात थेंब सांडत न्हाई. तीर्थ हाय ते."

मी चमकून वर पाहिलं. पाणी न सांडता दोन सारखी भकलं, हे एकाही कागदात नव्हतं. शोध त्यात होता, आणि तो माणूस नारळ नारळ करत बसला होता. मी आनंदानं अर्जाचे कागद काढले, तर ते पाहूनच ते उठले. "येवढं लिवायचं? राहू द्या म्याडम." टेबलावर एक नारळ ठेवला आणि गेले. तेव्हा मी वहीत लिहून ठेवलं, की माणूस ज्याला यंत्राचं नाव म्हणतो ते ऐकू नये, जाऊन यंत्र बघावं. लिहिलं आणि वही मिटली.

पुढं काही दिवसांनी लातूरच्या डाळ मिलवाल्यांनी मला बोलायला बोलावलं. मी तक्ता घेऊन गेले. पडद्यावर रंगीत चौकोन, गडद म्हणजे जास्त देणंघेणं, पांढरा म्हणजे शून्य. मी तेव्हा फार ठसक्यात बोलायची. म्हटलं, "डाळीच्या यंत्रांनी कॅमेऱ्याकडून घेतलं, दळणाच्या गिरण्यांकडून घेतलं. पण आपल्या मराठवाड्यात एवढा कापूस, एवढी जिनिंग, तिच्याकडून काही घेतलं का? हा बघा चौकोन. शून्य! कापसानं तुरीला काही दिलेलं नाही."

मागच्या खुर्च्यांवर मिलमधले फिटर बसले होते. त्यातला एक जण उठला. पन्नाशीचा, कपाळावर विभूती, हाताला तेलाचे डाग.

"बाई, तुमचं चुकून राहिलंय."

सभागृह हसलं. मला राग आला. म्हटलं, "हजारो कागद वाचून केलंय हे."

"कागदाचं म्हाईत न्हाई. पर दिलंय. मला दिलंय."

हे मन्मथअप्पा. रेणापूरकडचे, लातूरच्या एका मिलमध्ये फिटर. कार्यक्रम संपल्यावर मालक स्वतः त्यांना घेऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, "म्याडम, यानं मशीन केलीय, सगळं त्याचंच डोकं आहे. कंपनीचं नाव नको, त्याचंच येऊ द्या." असे मालक मी फार पाहिले नाहीत. मला परतीची बस धरायची होती, म्हणून मी म्हटलं, "फोन करा, फोनवर सगळं सांगा."

अप्पांनी फोन केला. त्यांनी जे सांगितलं ते असं. तरुणपणी ते हिमायतनगरला जिनिंगमध्ये कामाला होते. तिथं गफूरचाचा नावाचे उस्ताद होते. जिनिंगमध्ये एक चामड्याचा रोल फिरतो आणि त्याला चिकटून पोलादी पातं असतं. चामडं कापसाचा धागा धरून ओढतं, सरकी जाड, ती पात्यापाशी अडते आणि खाली पडते. गफूरचाचांनी अप्पांचा हात धरून बंद रोलवर फिरवला होता आणि म्हटलं होतं, "हाथ लगा के देख. कितना पकड़ना, कितना छोड़ना, चमड़े को मालूम है." पुढं अप्पा लातूरला डाळ मिलमध्ये आले. तिथं एमरीचा खरखरीत रोल तूर घासतो. टरफलाबरोबर दाण्याचं अंगही जातं, त्याची चुनी, म्हणजे भुगा होतो. दाणा तुटताना बघून अप्पांच्या जीवाला लागायचं. आणि एक दिवस त्यांना तो चामड्याचा रोल आठवला.

"मंग म्या काय केलं, गोटा काढायची मशीन केली. लई साधी हाय बाई."

मी वहीत लिहिलं, गोटा काढायचं यंत्र. गोटा म्हणजे दगडगोटा. तुरीत खडे असतात, ते काढायची यंत्रं असतात, हे मला ठाऊक होतं. पुढं ते ओलावा, चामडं, पातं असं बरंच बोलले, तेही मी लिहून घेतलं. पण डोक्यात दगड बसला तो बसलाच. पुण्याच्या एजंटांना मी फोनवर सांगितलं, "धान्यातले खडे काढायचं यंत्र आहे, नव्या पद्धतीचं." अप्पांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं चित्र पुढं पाठवलं. एजंटांनी जन्मात डाळ मिल पाहिली नव्हती. त्यांनी चित्र जसंच्या तसं नीट काढवून घेतलं, वर्णनही टिपणांवरून लिहिलं, आणि मथळ्यात व मुख्य दाव्यात घातला दगड.

मी लातूरला गेले नाही. नांदेडहून लातूर काय सातासमुद्रापार आहे का? पण नाही गेले. अप्पांनी इंग्रजी कागदावर सही केली. मी विचारलं, "वाचून दाखवू का मराठीत?" तर म्हणाले, "तुमी लिवलंय म्हंजी बरोबरच आसंल." हे वाक्य अजून माझ्या छातीत रुतलेलं आहे.

सही करताना त्यांनी दोन गोष्टी मात्र विचारल्या. एक, नाव नीट छापतील का? "मतदार यादीत मनोहर झालोय, रेशन कार्डावर मथुर झालोय. शाळा सुटल्यापासून माझं नाव छापील आन् बरोबर आसं कुठंच आलं न्हाई." दुसरी, उस्तादांचं नाव येईल का? मी म्हटलं, नाही. चामड्याचा रोल जुना आहे, तो त्यांनी शोधलेला नाही, कायद्यानं त्यांना शोधकर्ते म्हणता येत नाही. अप्पांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं म्हणून मी एक केलं. अर्जात जुन्या ज्ञानाचा परिच्छेद असतो, त्यात जिनिंगच्या चामडी रोलचं एक जुनं पेटंट शोधून आधार म्हणून घातलं. म्हटलं, "उस्तादांचं नाव नाही, पण त्यांच्या कामाचं नाव आलं." अप्पा म्हणाले, "एवढं बी चालंल."

मग तपासणीचा अहवाल आला. अधिकाऱ्यांनी सरळ लिहिलं होतं, यात नवं काही नाही, धान्यातले दगड काढणारी ही ही यंत्रं आधीपासून आहेत. मी अप्पांना फोन लावला. "अप्पा, अवघड आहे. दगड काढायच्या मशीनी आधीच पुष्कळ आहेत म्हणतात."

"आसतील की. आमच्या मिलमधी बी हाय एक."

"मग तुमची काय वेगळी?"

"माझी कशाला दगडं काढंल? बाई, कुठली दगडं म्हणून राहिलाव तुमी?"

"गोटा म्हणालात ना तुम्ही?"

पलीकडं मिलचा घरघराट ऐकू येत होता. मग अप्पा हळू आवाजात म्हणाले, जसं लहान लेकराला सांगावं तसं, "बाई, गोटा म्हंजी तूर. साल निघालेली, पर अजून फुटलेली न्हाई, ती अख्खी तूर. ती फुटली की डाळ. सगळ्या मिलमधी त्याला गोटाच म्हणत्यात."

मी मराठवाड्यातली, मराठी बोलणारी, शब्दांवर पोट असलेली बाई, आणि मी या माणसाच्या यंत्राला दगड वेचायला बसवलं होतं!

का घाबरले ते सांगते. अर्ज एकदा जगासमोर छापला गेला की ते ज्ञान जुनं झालं. नवा अर्ज करता येत नाही, तुमचाच जुना अर्ज तुमच्या आडवा येतो. आणि दाखल झालेल्या अर्जात नवं काही घालता येत नाही. फक्त उघड उघड झालेली चूक दुरुस्त करता येते, तीही ती चूक आहे हे त्याच कागदांवरून दिसत असेल तर. म्हणजे हा अर्ज गेला की अप्पांचं नाव कायमचं गेलं, आणि ते माझ्या एका शब्दानं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं लातूर गाठलं. वाटभर कसं सांगायचं याची उजळणी करत होते. मिलच्या दारात अप्पा उभे होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "चूक माझी आहे. तुमची नाही, एजंटांची नाही, त्या साहेबांची तर मुळीच नाही. मी बघायला यायला पाहिजे होतं."

मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलावंच. पण ते एवढंच म्हणाले, "या, आत या. मशीन बघा आधी."

मशीन कोपऱ्यात होती, पोत्यानं झाकलेली. अप्पांनी झाकण काढलं, ओलावलेली तूर वर टाकली आणि कळ दाबली. चामड्याचा रोल फिरायला लागला. टरफलं पात्यामागं ओढली जाऊन एका बाजूला पडली आणि दुसऱ्या बाजूनं पिवळा धमक, अखंड गोटा खाली आला. मी ओंजळ धरली. कोमट होता. मला रडूच आलं, आणि अप्पा गडबडून म्हणाले, "आवो बाई, काय झालं? चहा सांगू का?"

पेटंट कार्यालयानं अर्जावर सुनावणी ठेवली, ती व्हिडिओवर होती. आम्ही ती मिलच्या ऑफिसातून द्यायची ठरवली आणि मालकांनी तेवढ्या वेळापुरती अख्खी मिल बंद ठेवली. तिथली शांतता मी विसरणार नाही. पुण्याहून एजंट पडद्यावर आले. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, तुम्ही शक्यतो बोलू नका. समोरचे साहेब दक्षिणेकडचे, मोजून मापून हिंदी बोलणारे. एजंटांनी मांडलं, की मथळ्यात आणि दाव्यात दगड हा शब्द चुकून पडला आहे.

साहेब म्हणाले, असं तर कुणीही म्हणेल. ही चूकच आहे हे मूळ अर्जावरून कशावरून दिसतं?

एजंटांनी चित्र दाखवलं. एका तोंडापाशी टरफल असं लिहिलेलं होतं, दगड कुठंच पडताना दाखवला नव्हता. बरं झालं, चित्रात मी तोंड घातलं नव्हतं. साहेबांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान दिसेना. ते मूळ अर्जाची पानं चाळत राहिले. मग एका पानावर थांबले आणि त्यांनी विचारलं, "दगड काढायच्या यंत्राच्या अर्जात हे कापसाच्या जिनिंगचं पेटंट कशाला दिलंय?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, कारण हे यंत्र दगड काढतच नाही. जिनिंग जसं सरकीवरून कापूस ओढतं, तसं हे तुरीवरून साल ओढतं. गोटा शब्दाचा अर्थ मी चुकीचा लिहिला. चूक माझी."

"मग गोटा म्हणजे काय?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पांनी खिशातून मूठ काढली आणि कॅमेऱ्याच्या अगदी नाकापाशी नेली. पडदाभर पिवळं झालं.

"साहेब, ये गोटा है. पत्थर नहीं है. ये दाल की माँ है."

साहेब हसले. पहिल्यांदा आणि शेवटचं. मग म्हणाले, चित्र, वर्णन आणि हा जिनिंगचा आधार, तिन्ही मिळून चूक उघड दिसते. दुरुस्ती लेखी द्या, पाहू.

मिल पुन्हा सुरू झाली. मला बसस्टँडवर सोडताना अप्पा म्हणाले, "बाई, शेवटी उस्तादच धावून आले." मी मान हलवली. खरंच होतं ते. अप्पांचा चेहरा पडलेला बघवला नाही म्हणून घातलेल्या एका ओळीनं अर्ज वाचवला होता.

दुरुस्ती मान्य झाली, पेटंट मिळालं. नावाची अक्षरं मी तीनदा तपासली होती, तरी प्रमाणपत्र आल्यावर चौथ्यांदा तपासली. बरोबर होती. अप्पांनी ते कागद घेऊन आधी हिमायतनगर गाठलं. गफूरचाचा आता थकलेत, ऐकू कमी येतं. अप्पा सांगत होते, चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चमड़ा कौन सा लगाया?" बाकी कशाचं त्यांना अप्रूप नव्हतं.

मी निवृत्त झाले. तरी माझा तो तक्ता माझ्या डोक्यातून जात नाही. किती पांढरे चौकोन मी लोकांना शून्य म्हणून दाखवले! त्यातली किती शून्यं खरी होती आणि किती ठिकाणी कुणा उस्तादानं कुणाचा हात धरून रोलवर फिरवला होता आणि कुणी लिहून ठेवलं नव्हतं, ते मला आता शोधता येणार नाही. ज्यानं लिहिलं त्याचंच आम्ही मोजलं. याची चुटपुट मला कायम राहणार.

मध्यंतरी कॉलेजात गेले होते. माझ्या जागी आलेल्या मुलीला म्हटलं, तो डाळीचा तक्ता नव्यानं काढ बरं. तिनं काढला. मी चष्मा लावून सरळ त्याच चौकोनावर गेले. कापसाकडून तुरीला. फिकट रंग आला होता, आणि आत आकडा होता, एक.

तिथूनच अप्पांना फोन लावला. म्हटलं, "अप्पा, आता शून्य नाही. एक झालाय!"

"एक म्हंजी कोण? मी का उस्ताद?"

"दोघं मिळून एक. देणारे उस्ताद, घेणारे तुम्ही."

पलीकडं मिल चालूच होती. अप्पा मोठ्यांदा हसले.

"मंग दोन झाले की वो! बाई, तुमचं अजून बी चुकूनच राहिलंय."